बोअरचं पाणी, म्हशीचं दूध आणि फिल्टर कॉफी: मराठवाड्यातल्या घरासाठी

बेंगळुरूहून येताना कुणीतरी हमखास अर्धा किलो कॉफी पावडर आणतं. तिथल्या स्टीलच्या पेल्यातली चव अजून जिभेवर असते. घरी तीच पावडर, तसाच फिल्टर, आणि कपात उतरतं ते खडू कालवल्यासारखं काहीतरी. मग 'दुकानदारानं जुनी पावडर गळ्यात मारली' असा निकाल लागतो. बहुतेक वेळा पावडर बिचारी निर्दोष असते. आपल्याकडे कॉफी बिघडवणारे तिघे आहेत: बोअरचं जड पाणी, म्हशीचं दाट दूध आणि फाल्गुनातच चढू लागणारा पारा. चहा या तिघांना पुरून उरतो, कारण तो आपण आलं-साखर घालून रटरटा उकळतो. कॉफीला उकळी सोसत नाही, त्यामुळे या तिघांचा बंदोबस्त आधीच करावा लागतो.

आधी पाणी

साध्या काळ्या कॉफीत ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्यामुळे महागडी पावडर घेण्याआधी पाण्याकडे बघा. काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं भरपूर असतात. कॉफीची गोडी तिच्यातल्या हलक्या आंबटपणावर उभी असते आणि बायकार्बोनेट नेमका तोच आंबटपणा मारतं. उरतो तो कडूपणा आणि घशाला बसणारा खडूसारखा थर. पाणी जड आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस धरत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरी खपली बसते: एवढं दिसलं की ते पाणी कॉफीच्या कामाचं नाही.

आकड्यात बघायचं असेल तर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा टीडीएस मीटर मिळतो. चांगल्या कॉफीसाठी एका लिटरमध्ये साधारण ७५ ते २५० मिलिग्रॅम क्षार चालतात, १५० च्या आसपास उत्तम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. म्हणजे पिण्याजोगं पाणी आणि कॉफीजोगं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे जारचं किंवा घरच्या आरओचं पाणी. तिथे उलटा घोळ होतो. आरओनं क्षार जवळजवळ सगळेच काढलेले असतात. नुसत्या अशा पाण्यात कॉफी पातळ आणि टोचरी आंबट लागते, तिला अंग येत नाही. पावडरीतली चव ओढून काढायला थोडे क्षार लागतातच. म्हणून दोन्ही पाणी मिसळा. समजा बोअरचं पाणी ९०० दाखवतं, जारचं ५० आणि आपल्याला हवंय २००. एका लिटरसाठी बोअरचं १७५ मिली आणि जारचं ८२५ मिली, असा हिशोब निघतो. मीटर नसेल तर एक वाटी बोअरला पाच वाट्या जार, यापासून सुरुवात करा. कॉफी आंबट-पातळ वाटली तर बोअर थोडं वाढवा, खडूसारखी वाटली तर कमी करा.

जार मिळतच नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं निवळ पाणी न हलवता ओतून घ्या. बायकार्बोनेटचा बराचसा भाग चुन्याच्या रूपात तळाशी बसलेला असतो. मात्र यानं सगळाच जडपणा जात नाही, आणि पाणी मुळात खारट असेल तर उकळून काही साधत नाही.

नळाचं पाणी या बाबतीत बरं. जायकवाडी, मांजरा, विष्णुपुरी अशा धरणांचं पाणी बोअरपेक्षा सहसा सौम्य असतं. त्याची अडचण वेगळी: क्लोरीन. पाणी आल्या दिवशी भरलं असेल तर उघड्या तोंडाच्या भांड्यात रात्रभर ठेवा, वास उडून जातो.

पावडर येते कुठून, पुडक्यावर लिहिलेलं काय असतं

कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. त्यातली अरेबिका मूळची इथिओपियाच्या जंगलातली. तिथून ती येमेनमध्ये गेली आणि मोखा बंदरातून जगभर पसरली. आपल्याकडे १७ व्या शतकात बाबा बुडन या सूफी संतानं येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. त्या डोंगररांगेला आज बाबा बुडनगिरी म्हणतात. देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कर्नाटकात होते. तिच्यात कोडगू, चिक्कमगळूर आणि हासन हे तीन जिल्हे मुख्य. त्यानंतर केरळ आणि तमिळनाडू. आंध्रातलं अराकू खोरंही आता नावाजलेलं आहे. २०१९ मध्ये कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि अराकू व्हॅली अरेबिका या पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं.

मोसंबीची बाग ज्यांनी केली आहे त्यांना कॉफीचं एक तंत्र लगेच कळेल. मोसंबीला पाण्याचा ताण देऊन मग पाणी सोडून बहार धरतात, तसंच कॉफीचं आहे. कोरड्या दिवसांत तिच्या कळ्या निपचित पडून राहतात. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एखादी सर पडली की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो, वास मोगऱ्याच्या जवळपासचा. ती सर चुकली तर वर्षाचं गणित चुकतं, म्हणून रोबस्टाच्या मळ्यात आता तुषार सिंचनानं ताण मोडतात. फळं नोव्हेंबरपासून तोडायला येतात, आधी अरेबिका, मग रोबस्टा. पाच-सहा किलो पिकल्या फळांतून एक किलो हिरवे दाणे निघतात आणि भाजल्यावर त्यातलेही १५ ते २० टक्के वजन उडून जातं.

जाता जाता एक सावधगिरी. मराठवाड्यात कॉफीची लागवड करून एकरी अमुक लाख कमवा, अशी जाहिरात दिसली तर रोपांचे पैसे खिशातच राहू द्या. अरेबिकाला हजार मीटरच्या वरची उंची, १५ ते २५ अंशांची हवा, डोक्यावर सावली आणि दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो. रोबस्टा थोडी काटक, पण तिलाही हजार मिलिमीटर हवाच. आपल्याकडे पाऊस सातशेच्या आसपास आणि मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे. अंगणात हौसेनं एक झाड सावलीत जगवता येईल, त्यावर संसार चालणार नाही.

आता पुडकं हातात घ्या. पहिली गोष्ट, चिकोरी किती? चिकोरी ही एका झाडाची भाजून दळलेली मुळी, आपल्या देशात गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिच्यात कॅफिन अजिबात नसतं. कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण छापावं लागतं. ब्रँडचं नाव तळहाताएवढं आणि चिकोरीचा आकडा मुंगीएवढा असतो, तेव्हा शोधून वाचा. चिकोरी म्हणजे भेसळ असा एक समज आहे, तो सोडा. दुधाच्या कॉफीत तिचं काम आहे: रंग, दाटपणा, थोडी जळक्या गुळासारखी चव. आपल्या म्हशीच्या दुधाला ८० कॉफी, २० चिकोरी हे प्रमाण चांगलं पेलतं. ४० टक्क्यांच्या पुढे मात्र कॉफी नावापुरतीच उरते.

सुट्ट्या पावडरीची शंका आली तर काचेच्या ग्लासात थंड पाणी घ्या आणि चिमूटभर पावडर वर भुरभुरा. कॉफी काही वेळ तरंगते. चिकोरी लगेच खाली उतरते आणि उतरताना तपकिरी रेघा सोडते.

दुसरी गोष्ट, बी कोणतं? 'प्लँटेशन' म्हणजे पाण्यात धुऊन तयार केलेली अरेबिका. 'ए', 'बी', 'सी' ही दाण्याच्या आकाराची प्रत. 'चेरी' म्हणजे अख्खं फळ वाळवून काढलेला दाणा, 'पार्चमेंट' म्हणजे धुतलेली रोबस्टा. 'पीबी' म्हणजे पीबेरी. एका फळात सहसा दोन चपटे दाणे असतात, काही फळांत एकच गोल दाणा भरतो, तो हा. गोल असल्यानं कढईत छान फिरतो आणि सारखा भाजतो. अरेबिका सुवासिक आणि सौम्य. रोबस्टा कडक, कडवट, कॅफिन जवळजवळ दुप्पट. दुधासाठी ७० टक्के प्लँटेशन ए किंवा पीबी आणि ३० टक्के रोबस्टा, त्यावर हवी तेवढी चिकोरी, हे मिश्रण सांगून दळून घेता येतं. शुद्ध अरेबिका म्हशीच्या दुधात घातली तर तिचा पत्ताच लागत नाही. ती काळी प्यायची.

तिसरी गोष्ट, भाजल्याची तारीख. पॅकिंगची तारीख वेगळी, भाजल्याची वेगळी. अख्खे दाणे भाजल्यापासून तीन-चार आठवडे चांगले राहतात, दळलेली पावडर पुडकं फोडल्यावर आठ-दहा दिवस. म्हणून नांदेड-बेंगळुरू गाडीनं येणाऱ्या पाहुण्याला एक किलो आणायला सांगण्यापेक्षा पाव किलो सांगा, आणि शक्यतो दाणेच.

दळण

फिल्टरसाठी पावडर बारीक रव्याएवढी हवी. बोटांत चोळली तर कण जाणवले पाहिजेत. मैद्यासारखी झाली की फिल्टर तुंबतो, इडली रव्यासारखी जाड राहिली की पाणी भसकन खाली जातं आणि डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून गळणारा कॉफीचा अर्क, पिवळट उतरतं.

मिक्सरच्या लहान भांड्यात एका वेळी ३० ते ४० ग्रॅमच दाणे घ्या. तीन सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, असं सहा-सात वेळा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि वास तिथेच उडतो. शेवटी रव्याच्या चाळणीतून काढा, वरचं जाड परत फिरवा. ज्या भांड्यात येसर किंवा काळा मसाला वाटला जातो त्यात कॉफी दळायची असेल तर आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या, आणि तरीही वास आला तर कॉफीसाठी वेगळं भांडं ठेवा. पिठाच्या गिरणीवर तर नेऊच नका. ज्वारीच्या आणि हळदीच्या दळणानंतरची कॉफी काय लागेल, ते सांगायला नको.

फिल्टर लावणं

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारे दोन डबे. वरच्याच्या बुडाला बारीक छिद्रं, आत दाबायची दांडीवाली चकती, वर झाकण. स्टीलचा सोयीचा. पितळेचा घेतला तर आतून कल्हई हवीच, आणि ती उडाली की परत करून घ्यावी लागते.

तीन कपांसाठी २० ग्रॅम पावडर, म्हणजे १५ मिलीचे चार सपाट चमचे, आणि १३० मिली पाणी. रिकामा फिल्टर आधी गरम पाण्यानं विसळून पुसून घ्या. थंड स्टील पहिल्या पाण्याची धग खाऊन टाकतं. वरच्या डब्यात पावडर घाला, डबा हलकेच आपटून पातळी सारखी करा, चकती वर ठेवा. ती फक्त टेकवायची. जोर लावून दाबली तर पावडरीची वीट होते आणि पाणी वाट काढत नाही.

पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरच्या उंचीवर पाणी मुळात ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे फार थांबण्याची गरज नाही. आधी फक्त ३० मिली पाणी गोल फिरवत चकतीवर ओता आणि ४० सेकंद थांबा. पावडर फुगते, आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो. पावडर ताजी असेल तर हे बुडबुडे स्पष्ट दिसतात. अजिबात दिसले नाहीत तर पावडर म्हातारी झाली आहे. मग उरलेलं १०० मिली सावकाश ओता, झाकण ठेवा आणि फिल्टरला हात लावू नका.

१५ ते २५ मिनिटांत खालच्या डब्यात ८५-९० मिली डिकॉक्शन जमतं. उरलेलं पाणी पावडरीनं धरून ठेवलेलं असतं, ते पिळायला जाऊ नका. दुसऱ्यांदा पाणी घालून 'दुसरं डिकॉक्शन' काढायची पद्धत अनेक घरांत आहे. ते पातळ आणि कडवट असतं. काटकसर म्हणून पहिल्यात थोडं मिसळायला हरकत नाही, पण त्यावर पाहुण्यांची कॉफी करू नका.

गळायला ४५ मिनिटं लागली किंवा मध्येच थांबलं, तर कारण शोधायची एक उतरंड आहे. पहिल्यांदा वरचा डबा जरासा उचलून परत टेकवा. दोन डबे घट्ट बसले की खालची हवा कोंडते आणि थेंब अडतात. उचलल्याबरोबर धार सुरू झाली तर दुखणं एवढंच होतं. तरीही हललं नाही तर पावडर फार बारीक आहे किंवा चिकोरी जास्त आहे, कारण चिकोरी पाण्यात फुगून चिकट होते. दर वेळी हेच होत असेल तर रिकामा डबा उजेडासमोर धरा. निम्मी छिद्रं बंद दिसतील. कॉफीचं तेल आणि जड पाण्याचा क्षार मिळून त्यात गच्च बसतात. स्टीलचा डबा चिमट्यात धरून छिद्रांची बाजू गॅसच्या आचेवर मिनिटभर तापवा, निवल्यावर ओट्यावर आपटा, घासून धुवा. क्षाराचा पांढरा थर असेल तर लिंबूफूल घातलेल्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवा. पितळेच्या फिल्टरला हे दोन्ही उपाय करू नका, कल्हई जाते.

उलट पाच मिनिटांतच सगळं खाली आलं तर पावडर जाड आहे, कमी आहे, किंवा चकतीच्या कडेनं पाण्यानं चोरवाट काढली आहे.

दूध

गाईच्या दुधात साधारण साडेतीन-चार टक्के फॅट असतं, म्हशीच्या दुधात सहा-सातच्या घरात. देवणी किंवा लाल कंधारी गाईचं दूध घरात असेल तर ते तसंच वापरा, कॉफीला फार छान जमतं. म्हशीचं असेल तर तीन भाग दुधात एक भाग पाणी. दूध-पाण्याची गोष्ट आपल्याकडे गवळ्याच्या नावावर जमा आहे, पण इथे ते पाणी कॉफीच्याच हिताचं. नाहीतर स्निग्धता जिभेवर थर धरते आणि कॉफीची चव खालीच राहते.

तीन कपांना २२५ मिली म्हशीचं दूध, ७५ मिली पाणी. एकदाच उकळी येऊ द्या, उतू जायच्या आधी उतरवा. सकाळी तापवलेलं, दुपारी तापवलेलं आणि संध्याकाळी पुन्हा तापवलेलं दूध चहात खपतं, कॉफीत त्याचा करपट वास लगेच येतो. साय बाजूला काढा. प्रत्येक पेल्यात ३० मिली डिकॉक्शन, साखर चवीप्रमाणे, आणि वर १०० मिली कढत दूध. मग पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हातभर उंचीवरून दोन-तीनदा ओता. साखर विरघळते, फेस येतो आणि तोंड न पोळता पिता येतं. दाक्षिणात्य वाटी-पेला नसला तरी अडत नाही, आपली खोल बशी हे काम करते.

डिकॉक्शन गॅसवर ठेवून उकळू नका. गार झालं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा.

दूध नासलं तर दोष तीन ठिकाणी असतो. उन्हाळ्यात दूध दिसायला चांगलं असलं तरी आतून आंबायला लागलेलं असतं, डिकॉक्शनचा आंबटपणा लागला की फाटतं. डिकॉक्शन आदल्या दिवशीचं, बाहेर ठेवलेलं असेल तरी तेच. आणि तिसरा गूळ. गुळाची कॉफी करायची तर गूळ डिकॉक्शनमध्ये विरघळवा, गाळा, आणि दूध गॅसवरून उतरवून दोन मिनिटांनी घाला. गूळ घालून उकळायचं नाही.

उन्हाळ्यातला साठा

एप्रिल-मे मध्ये स्वयंपाकघरातली फळी म्हणजे भट्टीच. पावडर गॅसशेजारच्या किंवा पत्र्याखालच्या कपाटात ठेवली तर आठवड्यात तिला खवट तेलाचा वास येतो. घट्ट झाकणाचा लहान स्टीलचा डबा, तोही भरलेला; डबा मोठा आणि पावडर तळाशी असेल तर वरची हवा चव खाते. डबा घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, मसाल्याच्या डब्यापासून दूर. रोज फ्रिजमधून काढायची आणि परत ठेवायची, हे वाईट. थंड पावडरीवर दमट हवा बसते आणि गोळे होतात. जास्त दिवसांचा साठा असेल तर आठवड्यापुरत्या पुड्या बांधून फ्रीझरमध्ये टाका आणि बाहेर काढल्यावर पुडी खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा.

डिकॉक्शन उन्हाळ्यात बाहेर चार-पाच तासांच्या वर ठेवू नका. झाकून फ्रिजमध्ये एक दिवस चांगलं राहतं.

थंड कॉफीसाठी फिल्टरचं डिकॉक्शन बर्फावर ओतण्यापेक्षा हा मार्ग बरा: इडली रव्याएवढी जाड दळलेली ६० ग्रॅम बिनचिकोरीची कॉफी, बोअर आणि जारचं मिसळलेलं ६०० मिली पाणी, बरणीत घालून फ्रिजमध्ये १४ ते १६ तास. सुती फडक्यातून गाळा, पिळू नका. निम्मं पाणी किंवा दूध घालून प्या. गाळलेलं तीन दिवस टिकतं.

कढईत भाजायची असेल तर

हिरवे दाणे मिळाले तर घरी भाजणं अवघड नाही, पण धूर आणि फोलपटं इतकी उडतात की अंगणात किंवा गच्चीवरच करा, आणि सकाळी. जाड बुडाची लोखंडी कढई, २०० ग्रॅम दाणे, मध्यम आच, हात एक क्षणही थांबवायचा नाही. पाच-सहा मिनिटांत दाणे पिवळे होतात, गवताचा वास जाऊन भाजल्या भाकरीसारखा वास येतो. नऊ-दहा मिनिटांच्या सुमाराला ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज सुरू होतो. हा पहिला तडका. तो थांबल्यावर दीड-दोन मिनिटांनी दुसरा, बारीक, वाळलं गवत मोडल्यासारखा तडतडाट ऐकू येऊ लागतो. दुधाच्या कॉफीसाठी त्याचे पहिले दोन-चार आवाज आले की लगेच दाणे परातीत ओता. कढईत राहू दिले तर आतल्या उष्णतेनंच कोळसा होतात. सुपात पाखडून फोलपटं उडवा, पंख्याखाली चार मिनिटांत गार करा. २०० चे १६५-१७० ग्रॅम भरले पाहिजेत.

बाहेरून काळे आणि फोडल्यावर आत फिके दाणे म्हणजे आच मोठी झाली. पंचवीस मिनिटं लागली आणि दाणे नुसतेच तपकिरी, बेचव निघाले तर आच लहान होती. दोन दिवस डब्याचं झाकण सैल ठेवा, वायू निघून जाऊ द्या, मगच दळा. ताज्या भाजलेल्या दाण्यांची कॉफी त्याच दिवशी केली तर फेस खूप आणि चव कमी.

आपली जायफळ कॉफी

फिल्टर नसलेल्या घरांत कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, दुधाळ, गोड कॉफी. तिला नाक मुरडण्याचं कारण नाही, पण ती नीट करावी. दोन कपांना १५० मिली पाणी उकळून गॅस बंद करा, १२ ग्रॅम पावडर टाका, ढवळून झाकण ठेवा, चार मिनिटांनी ओल्या सुती फडक्यातून गाळा. त्यात साखर आणि १५० मिली कढत दूध. जायफळ सहाणेवर उगाळून दोन-तीन वेढे, अगदी शेवटी. आधी घालून उकळलं की वास जातो आणि तुरटपणा राहतो. जायफळाची पावडर चमच्यानं घालू नका, जास्त पोटात गेलं तर मळमळ आणि धडधड होते. बाकी, कॉफीनं उडालेली झोप जायफळाच्या दोन वेढ्यांनी परत येत नाही, ते चवीसाठीच आहे.

लग्नात यंत्रातून फुसफुसत येते आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली असते ती 'एस्प्रेसो' खरं तर वाफेनं फेसाळलेलं दूध आणि इन्स्टंट पावडर. घरी तसा फेस हवा असेल तर दोन चमचे इन्स्टंट, चार चमचे साखर आणि एक चमचा पाणी एवढंच घेऊन फिकट बदामी रंग येईपर्यंत फेटा आणि वरून दूध ओता. पाणी जास्त झालं की फेस धरत नाही, आणि फिल्टरच्या पावडरीचा तर कितीही फेटलं तरी होत नाही, कारण ती पाण्यात विरघळतच नाही.

फिल्टरमधला चोथा मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. वाळवून खताच्या खड्ड्यात टाका. तुळशीच्या कुंडीत ओला जाड थर दिला तर त्याची खपली होऊन पाणी आत जात नाही, तेव्हा द्यायचाच तर मूठभर, मातीत कालवून.